टोळीबरोबर गेलेल्या भाचीचं वजन

ऊसतोडीला निघालेल्या घरात तान्हं किंवा दीड-दोन वर्षांचं लेकरू असेल, तर त्याच्या खाण्यापिण्याचं काय करायचं, हे विचारणारे फोन मला हल्ली गावाकडून येतात. २०२३-२४ च्या हंगामात माझ्या भाचीला पोषण पुनर्वसन केंद्रात (तीव्र कुपोषित मुलांना आईसह ठेवून उपचार करतात तिथे) दाखल करावं लागलं आणि त्यातली बरीच धावपळ मी केली, म्हणून. दरवेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते. कारखान्याचं, गावाचं आणि दवाखान्याचं नाव लिहिलेलं नाही. पद्धत बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने अशीच आहे.

आम्ही बीड जिल्ह्यातले. माझ्या आई-वडिलांनी कोयता धरला, आता भाऊ आणि भावजय धरतात. मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता. त्यानंतर चार-पाच दिवसांत मुकादमाचा ट्रक आला. पत्रे, बांबू, ताडपत्री, पाण्याचा ड्रम, बाजरीचं पोतं, दोन शेळ्या आणि पंधरा महिन्यांची माझी भाची छकुली असं बिऱ्हाड त्यात चढलं. तिचा पाच वर्षांचा भाऊ माझ्या आईजवळ गावातच राहिला. निघायच्या आधी गावच्या अंगणवाडीत वजन केलं होतं, ७ किलो ६००. वयाच्या मानाने काठावर, पण कुपोषित नाही, असं सेविकाताई म्हणाल्या होत्या.

गाळप १ नोव्हेंबरला सुरू झालं. टोळीचा दिवस कसा असतो ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, कारण लेकराचं वजन का घटतं ते त्या दिवसातच आहे. भावजय पहाटे साडेतीनला उठते, भाकरी थापते, कोरड्यास करते आणि उजाडायच्या आत फडात जाते. छकुली सोबत. उसाच्या कडेला वाढ्यांचा (उसाच्या शेंड्यांचा) आडोसा करून तिला तिथे बसवायचं. दुपारी आईला भाकरी खायला जेमतेम वेळ मिळतो, त्यातच दोन घास तिला. मधल्या वेळात रडली की पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा हातात. संध्याकाळी मोळ्या वाहून ट्रॅक्टर भरायचा, कोपीवर (तळावरच्या झोपडीवर) यायला अंधार पडतो. तोवर लेकरू झोपलेलं. अंगावर पाजणं चालू होतं, पण आईच दिवसभर घोटभर पाण्यावर काम करत असेल, तर दूध किती येणार? दीड वर्षाच्या लेकराचं पोट लहान असतं, त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला लागतं. फडात ते होत नाही. भावजयीला काही कळत नव्हतं म्हणून हे झालं, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. तिला सगळं कळत होतं. तिच्याकडे वेळ नव्हता आणि दुपारची चूल नव्हती.

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला. कोप्यांत पाणी शिरलं, प्यायचं पाणी गढूळ झालं आणि छकुलीला जुलाब लागले. भावाने खासगी डॉक्टरकडे नेलं. सलाईन आणि औषधं मिळून अठराशे रुपये गेले, तेही मुकादमाकडून घेतलेले. जुलाब थांबले, पण लेकरू खाईना. भावाचा फोन आला, "आक्का, ती आता रडतपण नाही गं." ते ऐकून मी ९ डिसेंबरला, शनिवारी, सकाळची एसटी धरली. (बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पुढच्या सगळ्या फेऱ्यांत त्याचा मोठा आधार झाला.)

छकुली आजीच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत होती. मांडीची कातडी सैल पडलेली, केस पिंगट, डोळे उघडे आणि कशाकडेच लक्ष नाही. मी तिच्या दोन्ही पायांवर अंगठ्याने दहा सेकंद दाबून पाहिलं. खड्डा पडला नाही, म्हणजे सूज नव्हती. हे कुणालाही घरी करता येतं. दोन्ही पायांवर खड्डा पडून तसाच राहिला, तर एक दिवसही थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

जवळच्या गावची अंगणवाडी टोळीच्या तळापासून दीडेक किलोमीटरवर, कॅनॉलच्या पलीकडे. गेले तर कुलूप. ४ डिसेंबरपासून राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर होत्या. मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन या त्यांच्या मागण्या मला तेव्हाही रास्त वाटल्या आणि आजही वाटतात. पण त्या कुलपासमोर उभं राहून घशात आवंढा आला, हेही खरं. शेजारच्या घरातल्या काकूंनी गावच्या आशाताईंचा नंबर दिला आणि तिथून पुढचा रस्ता सापडला. तुमच्यावर अशी वेळ आली, तर अंगणवाडी बंद म्हणून परत फिरू नका. त्या गावची आशा कोण, हे विचारा. प्रत्येक गावात असते.

आशाताई रविवारी सकाळी स्वतः तळावर आल्या. पिशवीतून दंडघेर मोजायची रंगीत पट्टी काढली. डाव्या दंडाच्या मधोमध गुंडाळली, ११.२ सेंटिमीटर भरलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत साडेअकराच्या खाली म्हणजे लाल पट्टा, तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यावर हिरवा. त्यांनी तळावरची बाकीची लेकरंही मोजली, आणखी दोघं पिवळ्या पट्ट्यात निघाली. जाताना म्हणाल्या, "उद्या आरोग्य केंद्रात आणा, मी तिथे असते. पण दाखल करतील, आईला राहावं लागेल, घरच्यांना आजच सांगून ठेवा."

पोषण पुनर्वसन केंद्रातला मुक्काम साधारण चौदा दिवसांचा धरतात. आमच्यासाठी या चौदा दिवसांएवढं अवघड दुसरं काही नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) दोघांच्या नावावर, हिशेब दोघांच्या कामावर. एक बसला की दुसरा अर्धा कोयता होतो आणि खाडा पडतो, म्हणजे गैरहजेरीचे पैसे अंगावर चढतात. रविवारी रात्री आम्ही मुकादमाकडे गेलो. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर कारखान्याचा करार. "लेकराचं करा, मी नाही म्हणत नाही, पण खाडा लावावाच लागंल," म्हणाला. दिवसाला पाचशे. भाऊ खाली बघत राहिला, भावजयीच्या डोळ्यांतून पाणी. आई दवाखान्यात बसली म्हणून कर्ज वाढावं, हे मला आजही पचत नाही. शेवटी असं ठरलं की टोळीतल्या दुसऱ्या एका अर्ध्या कोयत्याबरोबर भावाने जोडी लावायची आणि भावजयीचा तेवढ्या दिवसांचा खाडा वहीत मांडायचा. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. असं काही ठरलं की तारीख टाकून लिहून घ्या. हंगाम संपताना हिशेब होतो, तेव्हा तोंडी बोललेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

सोमवारी, ११ तारखेला, आरोग्य केंद्रात साधा केसपेपर काढला. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी तपासून पत्र लिहून दिलं. माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडे माझ्या आईच्या ट्रंकेत राहिलं होतं. शेजारच्या पोराकडून त्याच्या सगळ्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले, ते चालले. छकुलीचं आधार काढलेलं नव्हतं, त्यासाठी कुणी अडवलं नाही. आईचं आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स मात्र मागितली, कारण केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते आणि ती खात्यात येते. रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी एसटीनेच जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो.

पुनर्वसन केंद्र म्हटल्यावर माझ्या मनात काहीतरी मोठं होतं. प्रत्यक्षात तो बालरोग विभागाला लागून असलेला एक हॉल. ओळीने खाटा, भिंतीवर चित्रं, कोपऱ्यात खेळणी, शेजारी स्वयंपाकघर. आधी कपडे काढून वजन, ६ किलो ७००. आडव्या फळीवर झोपवून उंची, ७४ सेंटिमीटर. मग ताप, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन ८.१ आलं. मी लॅबमधली, म्हणून लगेच विचारलं की लोहाचं औषध कधी सुरू करणार. सिस्टर म्हणाल्या, "आत्ता नाही. आधी संसर्ग आटोक्यात येऊ दे, वजन चढायला लागू दे, मग." अशा मुलांच्या बाबतीत हाच नियम आहे. तुमच्या बाळाला पहिल्या दिवसांत लोह दिलं नाही, तर दुर्लक्ष झालं असं समजू नका.

खाणं सुरू होतं ते दुधापासून. त्याला तिथे एफ-७५ म्हणतात. दूध, साखर, तेल, पाणी आणि क्षार मोजून केलेलं. दर दोन तासांनी ठरलेले मिलिलिटर, रात्रीसुद्धा. बाटली नाही, वाटी आणि चमचा. पहिल्या संध्याकाळी छकुली तोंड फिरवायची. भावजय घाईघाईने चमचा ओठांत घालू बघायची, तसं दूध गालावरून गळ्यात जायचं. सिस्टर खाटेवर बसल्या, तिला मांडीवर जरा उभं धरलं, चमचा खालच्या ओठाला नुसता टेकवला आणि थांबल्या. बऱ्याच वेळाने जिभेचं टोक बाहेर आलं. एक थेंब आत गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा थांबल्या. एवढंसं दूध संपायला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात त्या एकदाही "चल लवकर" म्हणाल्या नाहीत. उरलेलं दूध मोजून तक्त्यावर लिहिलं. भावजय ते सगळं टक लावून बघत होती. मध्यरात्रीचं दूध तिने एकटीने पाजलं.

मला १४ तारखेला पुण्याला परतावं लागलं. रोज रात्री फोन. पहिले काही दिवस वजन तिथेच, उलट वीस ग्रॅम कमी झालं, तेव्हा भावजय घाबरली. "आक्का, हितं काही फरक नाही, मी जाते तळावर, तिकडं खाडा चढतोय." मी तिथल्या आहारतज्ज्ञ ताईंशी बोलले. त्यांनी समजावलं की पहिला टप्पा वजन वाढवण्याचा नसतोच. उपाशी राहून मंदावलेलं शरीर एकदम जास्त अन्न झेलू शकत नाही, ते आधी स्थिर करावं लागतं. भूक परतली की एफ-१०० हे जास्त ताकदीचं दूध येतं, मग काटा हलतो. हे ज्यांना आधी सांगितलं जात नाही, त्या आया मधूनच निघून जातात. शेजारच्या खाटेवरची वीटभट्टीवरची एक बाई अशीच लेकरू घेऊन गेली. तिला काय झालं असेल, हे माझ्या अजून मनात येतं. भावजय थांबली. पाचव्या-सहाव्या दिवशी फोनवर आधी छकुलीचं रडणं ऐकू आलं. वाटी रिकामी झाली म्हणून ती ओरडत होती. त्यानंतर दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम वाढत गेले.

नाताळच्या सुट्टीत मी पुन्हा गेले. तोपर्यंत दुधाबरोबर खिचडी, अंडं, शेंगदाणा-गुळाचा लाडू सुरू झाला होता. आयांना रोज एक पदार्थ करून दाखवायचे आणि त्यांच्याकडून करून घ्यायचे. वरून चमचाभर तेल घालायला विसरू नका, यावर फार भर. २६ डिसेंबरला सुट्टी मिळाली, वजन ७ किलो ३००. सोबत कार्ड आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायच्या तारखा. खाट, औषधं, लेकराचं आणि आईचं जेवण, सगळं मोफत होतं. प्रवास, साबण, फळं, रिचार्ज मिळून आमचे अडीच-तीन हजार गेले.

आता सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं. केंद्रातून परत त्याच फडात, त्याच वाढ्यांच्या आडोशाला बसवलं असतं, तर महिन्याभरात वजन पुन्हा खाली आलं असतं. म्हणून सुट्टीच्या आधीच आम्ही आईला गावाहून बोलावून घेतलं. गुडघे दुखत असताना ती पाच वर्षांच्या नातवाला घेऊन तळावर आली. तिचं काम एकच ठेवलं, दुपारी कोपीत चूल पेटवायची आणि छकुलीला दर दोन-अडीच तासांनी खाऊ घालायचं. सकाळी नाचणीची पेज, मग मऊ खिचडी, मग कुस्करलेलं अंडं किंवा केळं, चारला शेंगदाणे-डाळं-गुळाची पूड दुधात कालवून, संध्याकाळी वरणात मोडलेली भाकरी. प्यायचं पाणी उकळून. बिस्किटं पूर्ण बंद. पूड आठवड्याची एकदम करून डब्यात भरून ठेवायची, फडात न्यावी लागली तरी खराब होत नाही. सगळा हंगाम मिळून माझं ठाम मत झालं आहे की तळावर दिवसा थांबणारं एक माणूस असेल, तरच बाकीच्या योजनांचा उपयोग होतो. ज्यांच्या घरी आजी नाही, त्यांनी दोन-तीन कोयत्यांनी मिळून एका बाईला थांबवावं आणि तिचा वाटा सगळ्यांनी उचलावा. आमच्या टोळीत फेब्रुवारीपासून तसं सुरू झालं. पिवळ्या पट्ट्यातली ती दोन लेकरंही माझ्या आईजवळच जेवायला लागली.

धान्याचं म्हणाल तर आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे, माणशी पाच किलो मोफत. ते महाराष्ट्रात कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून उचलता येतं. कार्डाचा बारा अंकी नंबर आणि कार्डात आधार जोडलेला कुणीही एक सदस्य पुरतो. सगळं एकदम घ्यायची सक्ती नाही, काही तिकडे आणि उरलेलं गावाकडे असं करता येतं. दुकानदार आधी "गावाकडंच घ्या" म्हणाला. मी म्हटलं, मशीनवर नंबर टाकून तर बघा. टाकला आणि नाव आलं.

अंगणवाडीचा संप जानेवारीच्या शेवटी मिटला. कुलूप उघडल्यावर आई दोन्ही नातवंडांना घेऊन गेली. सेविकाताईंची अडचण अशी की पोषण आहार पटावरच्या मुलांच्या संख्येवर येतो आणि आमची मुलं पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर) बीडच्या गावात दिसत होती. त्यांनी नाही म्हटलं नाही. मुलाला त्याच दिवशी गरम खिचडीच्या पंगतीत बसवलं. छकुलीच्या घरी न्यायच्या पाकिटांसाठी मात्र नाव हलवावं लागणार होतं. मी दोन्ही सेविकांना एकमेकींचे नंबर दिले, गावच्या ताईंनी तिकडून स्थलांतराची नोंद केली, इकडच्या ताईंनी भावजयीच्या आधारवर नाव घेतलं. मुलाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर काम होतं, हे लक्षात ठेवा. यात तीनेक आठवडे गेले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांचा जवळच्या अंगणवाडीतल्या आहारावर हक्क सांगितला आहे. साध्या मुलाला रोज ५०० उष्मांक, तीव्र कुपोषित मुलाला ८००. तिथलाच रहिवासी असावा, अशी अट नाही. कुणी रहिवासी दाखला मागितला, तर हे शांतपणे सांगा आणि पर्यवेक्षिकेचा नंबर मागा.

मग फेब्रुवारीत टोळीने फड बदलला, तळ अकरा किलोमीटर लांब गेला. पुन्हा नोंदणी करत बसण्यापेक्षा भाऊ मोटरसायकलवर जाऊन पाकिटं आणायचा. त्या गडबडीत केंद्रातली तिसरी तपासणी चुकली, ती नंतर जवळच्या आरोग्य केंद्रात वजन आणि दंडघेर मोजून भरून काढली.

टोळी मार्चच्या शेवटी घरी आली. एप्रिलमध्ये गावच्या अंगणवाडीत छकुलीचं वजन ८ किलो ६०० भरलं, दंडघेर १२.७. हिरव्या पट्ट्यात, पण काठावरच. ती आता चालते आणि शेळ्यांच्या मागे पळते. बुडीत मजुरी मार्चमध्ये खात्यात आली, खाड्यात गेलेल्या सात हजारांपुढे ती थोडीच होती. तोडणीच्या दरात जानेवारीत ३४ टक्के वाढ ठरली, तरी भावाची उचल पूर्ण फिटलेली नाही, म्हणजे येत्या दसऱ्यानंतर पुन्हा जावं लागणार.

या वेळी माझी आई पहिल्या ट्रकमधूनच जाईल. मुलगा जूनपासून पहिलीत, तो गावातच चुलत्याकडे राहील. शाळेच्या हंगामी वसतिगृहात त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते. सहा वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी आमच्या गावात अशी सोय नाही. ती व्हावी म्हणून मे महिन्याच्या ग्रामसभेत आम्ही काही बायकांनी लेखी अर्ज दिला आहे, त्याची पोचही घेतली आहे. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून पावसाळ्यातच काढून घेणार आहोत. बाकी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, केंद्राचं सुट्टीचं कार्ड, आई-बापाची आधार, पासबुक, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि गावच्या सेविकाताईंचा नंबर. ही पिशवी या वेळी ट्रंकेत राहणार नाही. ट्रक हलायच्या दिवशी सेविकाताईंना फोन करून स्थलांतराची नोंद लगेच करून घ्यायची, आणि तळावर पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाताईंकडून टोळीतल्या सगळ्या लेकरांचे दंड मोजून घ्यायचे, हे भावजयीने स्वतःच ठरवून ठेवलं आहे.